लहान एसएसडी लॅपटॉपमध्ये रुळायला इतका वेळ का लागला, आणि तुमच्या लॅपटॉपला कोणती बसेल

प्रश्न थोडक्यात असा आहे. रावेर तालुक्यात आपले सरकार सेवा केंद्र चालवणाऱ्या एका भाऊंकडे दोन लॅपटॉप आहेत. पहिला २०१४ चा, इंटेलच्या चौथ्या पिढीच्या प्रोसेसरचा, ५०० जीबी हार्ड डिस्कचा. दुसरा २०१९ चा, आठव्या पिढीचा, १ टीबी हार्ड डिस्कचा. दोन्ही सुरू व्हायलाच पाच-सात मिनिटं घेतात. जळगावला गोलाणी मार्केटमध्ये एका दुकानात त्यांना चौकोनी २.५ इंची एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर डेटा ठेवणारी डिस्क) सांगितली, दुसऱ्या दुकानात पट्टीसारखी एम.२. त्यांचं विचारणं असं की पट्टी येऊन दहा वर्षं झाली, मग ती सगळ्या लॅपटॉपमध्ये का नाही? आणि आता सिमकार्डासारखी आत सरकवायची एसएसडी आली म्हणतात, तिची वाट बघावी का?

भाऊ, वाट बघू नका. जुन्या लॅपटॉपला २.५ इंची घ्या. २०१९ च्या लॅपटॉपला काय घ्यायचं ते पाठ उघडून स्लॉट बघितल्यावरच ठरवा. दोन्ही दुकानदार आपापल्या जागी बरोबर असू शकतात. असं का, ते कळलं तर चुकीचा माल घरी येणार नाही, म्हणून जरा मागून सुरुवात करतो.

२.५ इंची डिस्कची पेटी १०० मिमी लांब, सुमारे ७० मिमी रुंद आणि ७ किंवा ९.५ मिमी जाड असते. हे माप फिरत्या तबकडीसाठी ठरलेलं होतं. एसएसडीला तबकडी नाही, त्यामुळे आजची २.५ इंची एसएसडी उघडली तर आत पाव-अर्ध्या जागेत सर्किट आणि बाकी पोकळी दिसते. ही जागा वाचवण्यासाठी २००९ मध्ये एमसाटा ही छोट्या कार्डासारखी एसएसडी आली, साधारण ५१ बाय ३० मिमीची. तिचा कनेक्टर वाय-फाय कार्डाच्या मिनी पीसीआयई स्लॉटसारखाच होता, आणि घोळ तिथूनच सुरू झाला. कार्ड स्लॉटमध्ये नीट बसायचं, पण त्या स्लॉटला मदरबोर्डावरून साटाच्या (हार्ड डिस्क जोडायच्या नेहमीच्या पद्धतीच्या) तारा जोडलेल्याच नसल्या तर लॅपटॉपला काहीच दिसायचं नाही. शिवाय त्या काळच्या बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये कंपन्यांनी २४ किंवा ३२ जीबीची एमसाटा फक्त हार्ड डिस्कचा वेग वाढवणारी कॅश म्हणून टाकली. विंडोज हार्ड डिस्कवरच राहिलं, आणि लहान एसएसडीचा खरा फायदा लोकांना दिसलाच नाही. उशिराचं हे पहिलं कारण.

पुढे २०१३ च्या अखेरीला एम.२ चं प्रमाण (स्टँडर्ड) ठरलं. रुंदी २२ मिमी. लांबी ३०, ४२, ६०, ८० किंवा ११० मिमी. २२८० म्हणजे २२ रुंद, ८० लांब. २२४२ आणि २२३० ही त्याच हिशेबाने. माप चांगलं होतं, पण एकाच आकाराच्या आत दोन वेगळ्या गोष्टी आल्या, हे उशिराचं दुसरं कारण. काही एम.२ आतून साटाच, म्हणजे सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास. काही पीसीआयई या जास्त वेगवान जोडणीवर चालणाऱ्या, त्यांना एनव्हीएमई म्हणतात; पीसीआयईच्या तिसऱ्या पिढीच्या चार लेन (डेटा जायच्या वाटा) असतील तर सेकंदाला साडेतीन हजार एमबीपर्यंत. दिसायला दोन्ही सारख्या. अमुक स्लॉट यातलं काय घेतो हे लॅपटॉपच्या खोक्यावर क्वचितच लिहिलेलं असतं. ‘एम.२ आहे का’ एवढंच विचारून आणलेली पट्टी त्यामुळेच चालत नाही.

खाचा बघून अर्धी खात्री होते. कनेक्टरच्या एका टोकाला एकच खाच असेल, पाच पिनांचा छोटा तुकडा वेगळा दिसत असेल, तर ती एम की (की म्हणजे खाचेची जागा). चार लेनची एनव्हीएमई बहुतेक अशीच असते. दोन्ही टोकांना खाचा असतील तर बी आणि एम दोन्ही, साटा एम.२ बहुधा अशा येतात. पण ‘दोन खाचा म्हणजे साटा’ हा नियम पक्का धरू नका, कारण दोन लेनच्या काही एनव्हीएमईलाही दोन खाचा असतात. उलट, दोन खाचांची साटा पट्टी एम की स्लॉटमध्ये आरामात बसते, पण त्या स्लॉटला फक्त पीसीआयई जोडलेलं असेल तर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या लॅपटॉपच्या मूळ प्रोग्रॅममध्ये) ती दिसत नाही. ती बिघडलेली नसते, तिची भाषाच तिथे कोणी बोलत नसतं. पट्टीच्या लेबलवर साटा की एनव्हीएमई हे लिहिलेलं असतं. तेच वाचून घ्या.

उशिराचं तिसरं कारण बायोस आणि विंडोज. एनव्हीएमईची पहिली आवृत्ती २०११ ची, पण विंडोजमध्ये तिचा ड्रायव्हर आयता मिळाला तो ८.१ पासून. आपल्याकडची ऑफिसं विंडोज ७ वर होती, आणि त्याला वेगळा पॅच घालावा लागायचा. साधारण २०१४ च्या आधीच्या लॅपटॉपच्या बायोसला एनव्हीएमईवरून सुरू होणं माहीतच नाही. पेनड्राइव्हवरून बूटलोडर चालवून ते जमवता येतं, पण ज्या यंत्रावर रोज लोकांची कामं करायची त्यावर हा प्रयोग करू नये. पेनड्राइव्ह सैल झाला की केंद्र बंद.

चौथं कारण बाजाराचं, आणि माझ्या मते तेच सगळ्यात मोठं. लॅपटॉपच्या पाटीवर ‘१ टीबी’ हा आकडा ‘२५६ जीबी’ पेक्षा भारी दिसतो. त्याच किमतीत मोठा आकडा देता येतो म्हणून स्वस्त मॉडेलमध्ये २०१९-२० पर्यंत हार्ड डिस्क चालत राहिली, आणि गिऱ्हाइकाला वेग कमी मिळाला. एम.२ चा स्लॉट मदरबोर्डावर असायचा, पण रिकामा. काही मॉडेलमध्ये तर स्लॉटसाठी नुसते सोल्डरचे ठिपके असतात, वर कनेक्टर बसवलेलाच नसतो. आता उलटं झालंय. फक्त एम.२ सह विकलेल्या काही मॉडेलमध्ये २.५ इंची जागा असते, पण तिथली चपटी रिबन केबल आणि लोखंडी चौकट कंपनी देत नाही. ती नेमक्या मॉडेलचा पार्ट नंबर देऊन मागवावी लागते; दुसऱ्या मॉडेलची बसत नाही. काहींमध्ये मोठी बॅटरी ती जागाच खाऊन टाकते.

२२३० ची गोष्ट याच रांगेतली. हे माप २०१३ पासूनच प्रमाणात आहे. मायक्रोसॉफ्टने २०१९ च्या सरफेस लॅपटॉप ३ मध्ये ते वापरलं, इतर मोठ्या कंपन्याही आपल्या मॉडेलमध्ये टाकत होत्या. तरी दुकानात सुटी २२३० मिळायची मारामार होती. २०२२ मध्ये स्टीम डेक हे हातात धरून खेळायचं यंत्र आलं, लोक त्यातली एसएसडी बदलू लागले, तेव्हा कुठे सुट्या मालाचे पर्याय वाढले. लॅपटॉप बनवणारी कंपनी एक माप निवडते, पण सुटा माल बनवणारा गिऱ्हाईक दिसल्याशिवाय त्या मापाकडे वळत नाही. आणि सुटा माल नाही म्हणून बाकीच्या कंपन्या २२८० वरच थांबतात.

सिमकार्डासारख्या एसएसडीचंही तेच. २०१९ मध्ये तोशिबा मेमरीने, म्हणजे आजच्या किऑक्सियाने, १४ बाय १८ बाय १.४ मिमीची एक्सएफएमएक्सप्रेस दाखवली. कल्पना उत्तम, पण नेहमीच्या लॅपटॉपमध्ये ती रुजली नाही. २०२५ मध्ये बिविनने १५ बाय १७ बाय १.४ मिमीची मिनी एसएसडी आणली. ट्रेमध्ये ठेवायची आणि आत सरकवायची. पीसीआयईच्या चौथ्या पिढीच्या दोन लेन, म्हणजे वेग चांगलाच. ती जीपीडी विन ५ सारख्या मोजक्या हातातल्या खेळयंत्रांत दिसते. मला ही दिशा मनापासून आवडते. एम.२ चा कनेक्टर प्रमाणानुसार ६० वेळा काढ-घाल सोसेल एवढाच धरलेला असतो, आणि प्रत्येक वेळी पाठ उघडावी लागते. ट्रे असेल तर तालुक्याच्या गावातही माणूस स्वतः डिस्क बदलू शकेल. पण आज त्या मापाचा माल करणारे मोजके आहेत. वॉरंटीबाहेर ती बंद पडली तर जळगाव-धुळ्यात बदली मिळणार नाही. कामाचा लॅपटॉप या एका गोष्टीवरून निवडू नका.

आता तुमच्या यंत्रांकडे येतो.

२०१४ चा लॅपटॉप. यात २.५ इंची साटा एसएसडीच, २४० किंवा २५६ जीबी पुरे. मिनिटाला ५४०० फेऱ्यांच्या हार्ड डिस्कची तबकडी एक फेरा ११ मिलिसेकंदांत पुरा करते. त्यात डोकं हलायचा वेळ धरला तर विखुरलेल्या लहान फायली सेकंदाला साठ-ऐंशीच वाचून होतात. साधी साटा एसएसडी हेच काम सेकंदाला हजारोंच्या संख्येने करते. विंडोज सुरू होणं, ब्राउझर उघडणं, दाखल्याची पीडीएफ निघणं हे सगळं अशाच लहान वाचनांवर चालतं. म्हणून हार्ड डिस्कवरून साटावर गेल्याचा फरक डोळ्यांना दिसतो, आणि साटावरून एनव्हीएमईवर गेल्याचा तुमच्या कामात फारसा जाणवणार नाही. या लॅपटॉपवर जास्त खर्च मात्र करू नका. विंडोज १० चा नेहमीचा आधार, म्हणजे अपडेट मिळणं, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ चौथ्या पिढीच्या प्रोसेसरला अधिकृतपणे घेत नाही.

माल घेताना जाडी ७ मिमी आहे ना बघा. जुनी डिस्क ९.५ ची असेल तर अडीच मिमीची प्लास्टिकची चौकट खाली लावा, नाहीतर ती आत हलते आणि कनेक्टर सैल होतो. डीव्हीडी ड्राइव्ह वापरात नसेल तर तिच्या जागी कॅडी (डिस्क धरणारी चौकट) लावून जुनी हार्ड डिस्क ठेवता येते. कॅडी ९.५ आणि १२.७ मिमी अशा दोन जाडींत येते, मोजूनच आणा. एसएसडी मुख्य जागेत आणि हार्ड डिस्क कॅडीत, हे उलटं करू नका. डीव्हीडीच्या जोडणीचा वेग बऱ्याच लॅपटॉपमध्ये कमी असतो.

२०१९ चा लॅपटॉप. आधी मॉडेल नंबर घालून कंपनीच्या साइटवरून त्याचं सर्व्हिस मॅन्युअल काढा. त्यात स्लॉट साटा की पीसीआयई, किती लेन आणि किती लांबीची पट्टी हे असतं. मग लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा, पाठ उघडा आणि सगळ्यात आधी बॅटरीची वायर सोडवा. काही मॉडेलमध्ये बायोसमधूनच बॅटरी बंद करायची सोय असते, ती आधी वापरा. स्लॉट आहे का, कनेक्टर बसवलेला आहे का, आणि ज्यात स्क्रू जातो ती पितळी गोल बैठक कोणत्या लांबीवर आहे, हे बघा. बैठक ४२ मिमीवरच असेल आणि पुढे बॅटरी किंवा पंखा असेल तर २२८० बसणार नाही. लहान पट्टीला मात्र पुढे जोडतुकडा लावून मोठ्या जागेत बसवता येतं. पट्टी एका बाजूलाच चिप असलेली घ्या. दोन्ही बाजूंना चिप असलेली पातळ लॅपटॉपमध्ये खालून मदरबोर्डाला टेकते, आणि पाठ दाबून लावली की पट्टी वाकते.

बसवताना पट्टी साधारण ३० अंशात तिरकी धरून शेवटपर्यंत आत ढकला, मग अलगद खाली दाबून स्क्रू लावा. स्क्रू एम२ मापाचा, म्हणजे २ मिमी जाडीचा (पट्टीच्या एम.२ नावाशी याचा संबंध नाही), बहुधा ३ मिमी लांबीचा. तो पट्टीसोबत येईलच असं नाही, एक-दोन आधीच आणून ठेवा. लांब स्क्रू घातला तर खालच्या बाजूला टोचतो. पट्टी पूर्ण आत न जाता स्क्रू लावला गेला, की कधी दिसते कधी दिसत नाही असा त्रास सुरू होतो, आणि दोष उगाच विंडोजवर जातो.

तुमच्याकडे डीएससी (डिजिटल सही) टोकन आणि अंगठ्याच्या यंत्राचे ड्रायव्हर आहेत, म्हणून नव्याने विंडोज टाकण्यापेक्षा क्लोन करणं, म्हणजे जुनी डिस्क जशीच्या तशी नव्यावर उतरवणं, सोयीचं. पण आधी क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्रॅम चालवून जुन्या डिस्कची तब्येत बघा. पिवळा रंग दिसला, म्हणजे खराब सेक्टर आहेत, तर क्लोन मध्येच अडकतो. अशा वेळी आधी फायली उतरवून घ्या आणि विंडोज नव्यानेच टाका. क्लोनआधी बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर बंद करा आणि रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. बिघाड झाल्यावर ती मागितली जाते आणि तेव्हा सापडत नाही. १ टीबीवरून ५१२ जीबीवर क्लोन चालतो, फक्त वापरलेली जागा साडेतीनशे-चारशे जीबीच्या आत आणा.

साटावरून एनव्हीएमईवर क्लोन केल्यावर बऱ्याचदा निळा पडदा येतो आणि बूट डिव्हाइस सापडत नाही म्हणतो. विंडोज सुरू होताना लागणारा एनव्हीएमई ड्रायव्हर त्या वेळी जागा झालेला नसतो. उपाय असा, की क्लोन करण्याआधी विंडोजच्या एमएसकॉन्फिग या साधनात सेफ बूटची खूण करा, क्लोन झालेली पट्टी एकदा सेफ मोडमध्ये सुरू होऊ द्या, मग खूण काढून पुन्हा सुरू करा. त्या पहिल्या वेळी जुनी हार्ड डिस्क काढून ठेवा. दोन्ही जोडलेल्या असल्या की लॅपटॉप गुपचूप जुन्यावरूनच सुरू होतो, आणि ‘एसएसडी टाकूनही स्लोच आहे’ असं वाटत राहतं. जुनी विंडोज एमबीआर या डिस्कच्या जुन्या मांडणीवर असेल तर एनव्हीएमईवरून सुरू होण्यासाठी ती जीपीटी या नव्या मांडणीत बदलावी लागते. विंडोज १० मध्येच त्याचं साधन आहे, डेटा न पुसता काम होतं. तरी फायलींची प्रत आधी हवीच. पुढे कधी अकराव्या पिढीचा किंवा नंतरचा लॅपटॉप घेतला आणि विंडोज टाकताना डिस्कच दिसली नाही, तर घाबरू नका. इंटेलचा आरएसटी ड्रायव्हर पेनड्राइव्हवर ठेवून ‘लोड ड्रायव्हर’मधून दिला की ती दिसते.

शेवटी क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये ट्रान्सफर मोड बघा. तिथे दोन आकडे असतात, पहिला चालू वेग आणि दुसरा पट्टीची ताकद. दुसरा चार लेन म्हणत असेल आणि पहिला दोन, तर स्लॉटच दोन लेनचा आहे. पट्टी परत करायला जाऊ नका. त्या काळातल्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये असंच आहे. मुंबई-पुणे-सुरतहून येणाऱ्या जुन्या ऑफिस लॅपटॉपमध्येही, उदाहरणार्थ थिंकपॅड टी४८० मध्ये, मुख्य जागेत एनव्हीएमईला दोनच लेन मिळतात आणि तिची कॅडी वेगळी लागते.

खानदेशासाठी दोन गोष्टी मुद्दाम सांगतो, कारण पुण्या-मुंबईच्या सल्ल्यात त्या येत नाहीत.

एक, ऊन. एप्रिल-मेमध्ये जळगाव, भुसावळ, रावेरला पारा ४४-४५ च्या घरात जातो. लॅपटॉपच्या आत त्याहून कितीतरी जास्त. एसएसडीची नेहमीची कामाची मर्यादा ७० अंशांपर्यंत धरलेली असते, आणि तिथून पुढे ती स्वतःच वेग कमी करते. २.५ इंचीचा कागदावरचा वेग कमी, पण ती मुळातच थंड चालते आणि बऱ्याचदा प्रोसेसरपासून लांब बसते. एम.२ पट्टी अनेकदा प्रोसेसरची उष्णता वाहणाऱ्या तांब्याच्या नळीला खेटून असते. म्हणून जास्तीत जास्त वेगाची पाचव्या पिढीची पट्टी जुन्या लॅपटॉपला घेऊ नका. तिसऱ्या पिढीची किंवा कमी वीज खाणारी चौथ्या पिढीची पुरते. वर जाड हीटसिंक बसत नाही. पाठ आणि पट्टीत फट असेल तर तेवढ्याच जाडीचा थर्मल पॅड लावा. पट्टीवरचं लेबल सोलू नका, वॉरंटी जाते. जिनिंगच्या भागात कापसाचा बारीक तंतू पंख्याच्या जाळीवर नमद्यासारखा जमतो. हंगाम संपला की तो काढून घ्या, नाहीतर एसएसडीचंही तापमान वाढतं.

दुसरी, वीज. बऱ्याच केंद्रांवर लॅपटॉपची बॅटरी मेलेली असते आणि यंत्र थेट चार्जरवर चालतं. लाईट गेली की लेखन अर्धवट तुटतं. नेहमीच्या एसएसडीत अशा वेळी शेवटचं काम पुरं करून देणारे कपॅसिटर नसतात. कुठला डेटा कुठल्या चिपमध्ये आहे याचा तिचा आतला तक्ता बिघडला, तर ती बायोसमध्ये शून्य जीबी दाखवते किंवा भलतंच नाव सांगते. हार्ड डिस्क मरताना आवाज करते, हळू होते, थोडा वेळ देते. एसएसडी अचानक जाते. म्हणून एसएसडीच्या आधी बॅटरी बदला, किंवा निदान छोटा यूपीएस लावा. हा खर्च मी पट्टीच्या वेगापेक्षा महत्त्वाचा मानतो.

घेताना नावाजलेल्या कंपनीची, बिलासह, लेखन-मर्यादा (एकूण किती डेटा लिहिता येईल तो आकडा) आणि वॉरंटी छापलेली एसएसडी घ्या. फारच स्वस्त २.५ इंची पेटीत कमी क्षमतेची चिप घालून आकडा खोटा दाखवणारा मालही बाजारात असतो. आणल्या दिवशीच एच२टेस्टडब्ल्यू या प्रोग्रॅमने पूर्ण भरून वाचून बघा. खोटी असेल तर खऱ्या क्षमतेच्या पुढे चुका दिसू लागतात.

जुनी १ टीबी हार्ड डिस्क फेकू नका. यूएसबी पेटीत घालून केंद्राच्या फायलींची प्रत तिच्यावर ठेवा. त्यासाठी एसएसडी कपाटात ठेवणं आपल्या हवेत बरोबर नाही. घरगुती एसएसडीचं प्रमाण असं आहे, की लेखन-मर्यादा संपेपर्यंत वापरलेली एसएसडी वीज न देता ३० अंशांत ठेवली तर डेटा एक वर्ष टिकावा. तापमान वाढलं की ही मुदत झपाट्याने कमी होते. पत्र्याच्या छपराखालची खोली मेमध्ये ३० अंशांवर कधीच नसते. नवी एसएसडी याहून पुष्कळ जास्त टिकते, पण कपाटात ठेवायच्या प्रतीसाठी हार्ड डिस्कच बरी, आणि तीही महिन्यातून एकदा जोडून फायली उघडतात का ते बघत जा.